मास्तरांची करंगळी

…आणि नेमकं तिथंच तिचं लक्ष माझ्याकडे गेलं हो! "मास्तर काही शुक्रवारनंतर छापखान्यात दिसायचे नाहीत, मालकांनी तर…" एवढंच बोलली ती फोनवर, तळमजल्यावरची बाइंडरीणबाई, आणि मला जिन्यात बघितल्याबरोबर "बरं, ठेवते गं, गॅसवर दूध आहे" म्हणून आत! धाडकन दार! आता मला सांगा, मालकांनी तर काय? काय मालकांनी? ही काय पद्धत झाली? अर्धी गोष्ट कानावर घालायची आणि उरलेली अर्धी दुधाबरोबर उतू घालवायची! लपवायचंच होतं तर घरात बसून बोलावं, जिना काय तिच्या एकटीचा आहे? मी आपली पायपुसणं झटकायला आले होते. आता पायपुसणं झटकायला एवढं खाली कशाला यावं लागतं असं विचाराल, तर वर झटकलं की धूळ खाली जाते आणि मग हीच बाई ओरडते, म्हणून. बाकी आपल्याला काय करायचंय म्हणा!

पण तुम्हाला सांगते, विषय मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. शाळेतले मास्तर नव्हेत हं, छापखान्यात कंप्युटरवर पुस्तकांची पानं लावतात. कंप्युटर आला तेव्हा अख्ख्या छापखान्याला त्यांनीच शिकवला, म्हणून मास्तर. आणि बाइंडरीणबाईचा नवरा त्याच छापखान्यात पुस्तकं बांधतो, म्हणजे बातमी अगदीच वाऱ्यावरची नव्हे.

मास्तरांना काम करताना मी बघितलंय. धाकट्याच्या लग्नाच्या पत्रिका करायला गेले होते ना, तेव्हा. नजर शेजारच्या कागदावर, बोटं त्या बटणांवर, आणि तोंडानं माझ्याशी माझ्या गुडघ्याची चौकशी! बटणांकडे एकदा बघितलं नाही हो माणसानं! पत्र्यावर गारा पडाव्यात तशी बोटं. मी म्हटलं, "मास्तर, बघा तरी काय लिहिताय ते!" तर म्हणाले, "ताई, तुम्ही घास तोंडात घालताना आरशात बघता का?" तोच त्यांचा मान होता, न बघता काम करणारा माणूस. आणि असा माणूस शुक्रवारनंतर दिसणार नाही? छे! माझ्या जिवाला चैन पडेना. आपल्याला काय करायचंय हे खरं, पण शेजारधर्म काही आहे की नाही?

मग काय, घेतली वाटी आणि गेले साखर मागायला. साखर घरात होती हो, डबा भरून होती, पण रिकाम्या हातानं आणि रिकाम्या कारणानं कसं जायचं? मास्तरीणबाईंनी दार उघडलं तर डोळे लाल. आणि आत, भरदुपारी, कामाच्या दिवशी, मास्तर जेवणाच्या टेबलाशी! समोर ना कंप्युटर ना कागद, नुसतं टेबलावरचं प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकवर दोन्ही हातांची बोटं नाचतायत. मधेच डाव्या हाताची करंगळी टुणकन कोपऱ्यात उडी मारायची, की लगेच उजव्या हातानं त्या करंगळीवर फाटकन चापट! स्वतःच्याच! परत बोटं, परत करंगळी, परत चापट. मी म्हटलं गेलं… माणूस गेला कामातून.

"अहो, हे काय?" मी डोळ्यांनीच विचारलं. मास्तरीणबाईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि जे सांगितलं ते ऐका.

झालं होतं असं, की मालकांचा मेव्हणा कुठंतरी काहीतरी बघून आला. आता मेव्हणे बघून येतात आणि भोगायचं दुसऱ्यांनी, ही जगाची रीतच आहे. "दाजी, तुमची मशिनं भंगारात काढा!" दाजींनी काढली. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या टेबलावर नवी मशिनं, चपटी, चकचकीत. आणि मालक नाकातून बोलतात ना, तसे नाकातून म्हणाले, "मास्तरऽ, जमाना बदललाऽ!"

बरं, नुसतं मशीन बदललं असतं तर काय बिघडत होतं? मशीन म्हणजे भांडं. पण त्याच्या आत ती ऑपरेटिंग सिस्टीम असते ना, ती बदलली. म्हणजे घर तेच, पण घर चालवणारी बाईच बदलली म्हणा! मला विचाराल तर मी हे सोसलेलं आहे. थोरल्या सूनबाईनं एकदा माझं स्वयंपाकघर लावलं. "आई, आता कसं सगळं सोयीचं झालं!" सोयीचं! साखरेच्या जागी मीठ, मिठाच्या जागी चहा, आणि चहाच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे! डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या तिनं, नाही असं नाही. पण आपल्या घरात चिठ्ठ्या वाचतं कोण? हात आपोआप जातो. माझ्या यजमानांनी खारट चहा प्यायला, आणि प्यायला म्हणजे पूर्ण प्यायला, मग म्हणाले, "आज चहा जरा वेगळा झालाय का?" तर ते असो.

मास्तरांचं तेच झालं. खिडकी बंद करायची फुली उजव्या कोपऱ्यात असायची, ती डावीकडे गेलेली. पान वर ढकललं की खाली जायचं आणि खाली ओढलं की वर. आणि सगळ्यात वाईट झालं करंगळीचं. इतकी वर्षं डाव्या कोपऱ्यातलं एक बटण करंगळीनं दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटानं अक्षर मारायचं, की काम फत्ते. परिच्छेद संपला की करंगळी कोपऱ्यात, मजकूर जतन. श्वास घ्यावा तसं. आता नव्या घरात ते काम अंगठ्याजवळच्या बटणाला दिलेलं. मास्तरांना कुणी सांगितलं नाही असं नव्हे, सकाळीच सांगितलं होतं. पण ते मास्तरांना सांगितलं, करंगळीला कुणी सांगितलं? ती बिचारी दिवसभर कोपऱ्यातली बेल वाजवत राहिली आणि आतून कुणी हूं नाही की चूं नाही.

दाताच्या एका डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक लावत होते. 'दातांचे आरोग्य'. दिवसभर पानं लावली. आणि संध्याकाळी निघताना मशीन बंद करायला गेले तर त्यानं विचारलं, बाबा, हे सगळं ठेवू की नको? खाली तीन बटणं. आता तुम्ही-मी असतो तर काय केलं असतं? घाबरून वाचलं असतं! काल शिकलेलं पोरसुद्धा वाचेल. पण मास्तर वाचतात होय? जुन्या सिस्टीममध्ये 'हो, ठेव' हे बटण सगळ्यात डावीकडे असायचं. हात गेला डावीकडे, टिचकी, आणि मास्तर पिशवी उचलून उभे! आणि या नव्या बाईच्या घरात सगळ्यात डावीकडे काय होतं? 'ठेवू नको'!

गेलं. दाढा गेल्या, सुळे गेले, हिरड्यांचा अख्खा धडा गेला. एका टिचकीत सगळं तोंड बोळकं!

नवखा माणूस ही चूक करूच शकत नाही बघा. त्याला मुळात काही येतच नाही. इतकी मोठी चूक करायला तेवढं काम यावं लागतं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तर सगळा मजकूर निवडायला गेले आणि शेजारचं बटण दाबलं गेलं, अख्खं दुकानच, म्हणजे पानं लावायचा प्रोग्रामच, बंद. मालक मागे उभे. "मास्तरऽ, शुक्रवारी डॉक्टरांना पानं हवीत. जमत नसेल तर मी काम बाहेर देतो. तुम्ही आपले पुढे काउंटरवर बसा, व्हिजिटिंग कार्डाच्या ऑर्डरी घ्या." काउंटरवर! मास्तर! ज्यांच्या हाताखाली सगळे शिकले ते मास्तर "कार्ड चौकोनी हवं की गोल कोपऱ्यांचं" विचारणार! मास्तर उठले. पोट दुखतंय म्हणून दुपारीच घरी आले आणि बायकोला म्हणाले, "काउंटरवर बसण्यापेक्षा मी घरी बसेन."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, मी म्हणते ऑफिसात विचारावं कुणाला तरी! बाकीचे एकमेकांना विचारून शिकतायत. तर म्हणतात, 'कुणाला विचारू? सगळ्यांना मीच शिकवलंय. त्यांच्यासमोर हात पसरू?' आणि बसलेत ते प्लास्टिक बडवत."

मी बाहेर आले. आता खरं तर आपल्याला काय करायचंय म्हणा! वाटीत साखर पडली होती, निघून यावं की नाही? पण माझं तोंड ना… "मास्तर," मी म्हटलं, "माझ्याकडे आहे तसलंच मशीन."

मास्तरांची बोटं थांबली. "तुमच्याकडे?" मी घरात हत्ती पाळलाय असं सांगितल्यासारखा चेहरा.

"धाकटा परगावी राहायला गेला तेव्हा ठेवून गेला, व्हिडिओवर नातवंडं दिसावीत म्हणून. मी त्याच्यावर पत्ते पण खेळते. फुली डावीकडेच आहे बघा माझ्याही. मला तर उजवीकडे असते हेच ठाऊक नव्हतं."

मास्तर हसले नाहीत. पण संध्याकाळी बेल वाजली, दारात मास्तर, हातात स्क्रू ड्रायव्हर! जिन्यात ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, "ताई, तुमचा पंखा आवाज करतो म्हणालात ना!" मी असं काही म्हटलंच नव्हतं. पण आवाज करतो हे खरं. भिंतीपलीकडे ऐकू जातं म्हणजे! बघा, लोकांना उगीच दुसऱ्यांच्या घरातलं ऐकायची सवय!

बसले. आणि तुम्हाला सांगते, बघवेना हो! पत्र्यावरच्या गारा कुठल्या, चिखलात अडकलेली बैलगाडी! दोन शब्द, की करंगळी कोपऱ्यात, की जीभ चावायची, की परत. पान वर ढकलायला जायचे ते खाली पळायचं, मास्तर मानेनंच त्याच्या मागे. फुली शोधायला हात उजवीकडे. मी म्हटलं, "मास्तर, डावीकडे." "माहितीय!" परत उजवीकडे. "मास्तर, डावी…" "ताई, माहितीय म्हटलं ना!" माहिती होतंच हो, माहितीची अडचणच नव्हती. जित्याची खोड म्हणतात ती हीच. डोक्याला कळतं, हाडाला कळत नाही.

मग मी उठले, औषधांच्या डब्यातली पट्टी आणली आणि म्हटलं, "हात द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना!" आणि करंगळी बांधून टाकली शेजारच्या बोटाला. चांगली करकचून. ओढाळ वासराला लोढणं बांधतात की नाही? "आता जाऊ दे कोपऱ्यात कशी जाते ती!"

मास्तर बघतच राहिले. मग टाइप करायला लागले. करंगळीनं धडपड केली, जागच्या जागी वळवळली, आणि काय सांगू, दुसरं कुणी येत नाही म्हटल्यावर अंगठा निघाला! हळूच, नव्या जावयासारखा, पण निघाला. पडद्यावर खूण उमटली. जतन झालं! मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "ताई!" म्हणाले. एवढंच. पण त्या 'ताई'त सगळं आलं.

राहिला डावीकडच्या बटणाचा प्रश्न. उजव्या हाताला पट्टी बांधून कसं चालेल? मशिनानं विचारलं की टिचकी डावीकडे, विचारलं की डावीकडे. माझ्या पत्त्यांचा डाव दोनदा घालवला त्यांनी, जिंकत आलेला! शेवटी माझाच आवाज चढला. "मास्तर, आधी वाचा की काय लिहिलंय ते!"

"ताई, मी वाचत नाही. मला पाठ आहे."

"काय पाठ आहे? हे आत्ता विचारलं त्यानं! माझ्यासारखं मोठ्यानं वाचा. मी फार शिकलेली नाही, पण मी औषधाच्या बाटलीपासून नळाच्या बिलापर्यंत सगळं मोठ्यानं वाचते, यजमान वैतागतात, पण आजवर चुकीची गोळी कुणाला दिली नाही!"

धाकट्यानं माझ्यासाठी सगळं मराठीत करून ठेवलंय. मास्तरांनी घसा साफ केला आणि पहिलीतल्या मुलासारखं, पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागले, "बदल… जतन… करायचे का?… जतन करू नका… रद्द करा… जतन करा." आणि तोंड वाचत असताना हाताला घाई करता येत नाही बघा! हात वाट बघत थांबतो. टिचकी उजवीकडे. बरोब्बर!

दुसऱ्या दिवशीही आले, 'पंखा' दुरुस्त करायला. बिल्डिंगीत कुजबुज सुरू झाली, ताईंचा पंखा आहे की विमान? आणि मास्तरांच्या हाताला पट्टी बघून कुणी म्हणालं बोट मोडलं, कुणी म्हणालं त्या पंख्यातच गेलं. मी कशाला सांगू? मला दुसऱ्यांच्या गोष्टी चघळायची सवय नाही.

शुक्रवारचं मला बाइंडरीणबाईनं सांगितलं. तिनं दूध तापवायचं कारण सांगायच्या आत मीच तिच्या दारात जाऊन बसले, तिला पट्टीचं खरं कारण हवं होतं, मला छापखान्यातलं हवं होतं. देवाणघेवाण. म्हणाली, मास्तरांनी आपलंही मशीन मराठी करून घेतलं, आणि बुधवारपासून काम चाललं होतं ते खणखणीत आवाजात! मशीन प्रश्न विचारणार, मास्तर तो वाचणार, वर उत्तरही देणार. "ही खिडकी बंद करायची का? कर बाबा." "चित्र सापडत नाही? अरे, तिथंच आहे, दुसऱ्या कप्प्यात बघ." सुरुवातीला लोक खिदळले. मग एक एक जण हळूच येऊन विचारायला लागला, मास्तर, तुमचं हे कसं झालं, आमचं होत नाही! आणि मास्तर म्हणाले म्हणे, "मला सगळं येत नाही अजून. चल, दोघं मिळून वाचू." मास्तर म्हणाले! असं!

आणि शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं पान लागलं, अक्कलदाढेचं. दाताचे डॉक्टर बाहेर बसलेले, मालक मागे उभे, सगळे काम सोडून जमलेले. मशिनानं विचारलं. मास्तरांनी वाचलं, "'दातांचे आरोग्य' यात केलेले बदल जतन करायचे का?" आणि उजवा हात… गेला हो डावीकडे! सवयीचा गुलाम! पण मास्तरांनी पट्टीच्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, हट्टी पोराला दुकानातून ओढत आणावं तसा ओढला इकडे, आणि मोठ्यानं म्हणाले, "जतन. करा." टिचकी!

राहिलं. दाढा, सुळे, हिरड्या, सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "उत्तम!" काउंटरचं नाव कुणी काढलं नाही.

मी म्हटलं, "मग! आणि तू म्हणत होतीस शुक्रवारनंतर मास्तर दिसणार नाहीत!"

तर बाइंडरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "नाहीच दिसणार."

"म्हणजे?"

"अहो, तो आवाज! हिशेबनीस रडकुंडीला आले. परवा एका गिऱ्हाइकाच्या बिलावर नावाच्या जागी 'रद्द करा' लिहून दिलं त्यांनी, गिऱ्हाईक खूश, पैसेच देईना. मालक म्हणाले, 'मास्तरऽ, काम झकास, पण हे वाचन घरी बसून कराऽ. मशीन घेऊन जा.'"

बघा! म्हणजे निम्मी बातमी खरी निघाली. मास्तर छापखान्यात दिसत नाहीत. पण काढलं म्हणून नव्हे. मालक स्वतः जिन्यानं मशीन घेऊन वर आले धापा टाकत, मी बघितलं ना, पायपुसणं झटकत होते.

आता झालंय असं, की मास्तर दिवसभर घरी. मास्तरीणबाईंशी दोन शब्द बोलायला जावं तर मास्तर समोर. साखरेचे दोन डबे भरून पडलेत माझ्याकडे. आणि टेबल मांडलंय कुठं, तर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून! पूर्वी त्या घरातलं काही कळायचं म्हणजे मला भिंतीला ग्लास लावावा… म्हणजे, लावावा लागला असता. आता काय, सकाळपासून सुरू! "पान क्रमांक बदलायचे का? बदल." "हा फाँट उपलब्ध नाही. का रे बाबा?" मी भाजी चिरतेय आणि मला कळतंय की कुणा वकिलाच्या पुस्तकाची प्रस्तावना पुढच्या पानावर पळालीय. मला हवंय का हे? मला त्यांच्या घरातली भांडणं ऐकायची होती हो, वकिलाची प्रस्तावना नव्हे!

पट्टी सुटली, करंगळी सुधारली, अंगठा घरचा झाला. पंखा तेवढा अजून आवाज करतो. पण उजवा हात मात्र अजून मनात आलं की डावीकडे जातो. कालचंच सांगते, माझ्या हातात लाटणं, आणि पलीकडून मास्तर वाचतायत, "बदल… जतन करायचे का?…" आणि मग एकदम शांत. एकदम! मी लाटणं ठेवलं. पलीकडे हात कुठं निघालाय ते मला भिंतीतून दिसलं हो! आणि मी गळा फाडून ओरडले, "मास्तर! उजवीकडे!"

पलीकडे टिचकी वाजली. मग आवाज आला, "झालं, ताई!"

आता दिवसातून तीन-चारदा पोळपाट सोडून ओरडावं लागतं. यजमान म्हणतात, तुला पगार तरी मागून घे. जाऊ दे… आपल्याला काय करायचंय म्हणा!